तारीख आत

"मालक येऊ दे ना. ह्या मुलीला काय विचारता?"

काकूंनी हे नवऱ्याच्या कानाशी अगदी हळू म्हटलं होतं. पण गाडीला छप्पर नव्हतं आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. काकांनी स्टिअरिंगवरचे हात न काढताच उत्तर दिलं, "मालकानंच फोनवर सांगितलं, टायर निवडायचा असेल तर मुलीला विचारा. आता मी मालकाचं ऐकू की तुझं?"

"माझं कधी ऐकलंत? ऐकलं असतं तर आज छपराच्या गाडीत बसले असते."

मी हातातल्या जॉबकार्डावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. कोणी माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललं की मी हेच करते. समोरच्यालाही बरं पडतं.

गाडी गडद हिरवी होती. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, माझ्यापेक्षा निदान तीस वर्षांनी मोठी. चाकांना आपल्या सायकलीसारख्या तारा होत्या. आमच्या दुकानासमोरून दिवसभर ट्रक जातात. त्यातल्या एका ड्रायव्हरनं ट्रक थांबवून, खाली उतरून गाडीला प्रदक्षिणा घातली आणि एक शब्द न बोलता परत गेला.

नागपूरहून अमरावती रोडने वाडीकडे निघालं की ट्रान्सपोर्टची गोदामं सुरू व्हायच्या जरा आधी आमचं दुकान लागतं. टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. मालक दिलीपभाऊ, मूळचे काटोलकडचे. फिटर गुलाबदादा, ज्यांचे हात टायर काढायच्या मशीनपेक्षा जलद चालतात. आणि मी. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे तीन महिन्यांसाठी आले होते, संगणकावर नोंदी करायला. कंपन्यांची माहितीपत्रकं इंग्रजीत यायची आणि दिलीपभाऊ म्हणायचे, "बेटा, हे जरा वाचून सांग, काय म्हणून राहिले हे लोक." वाचता वाचता मला टायर कळायला लागले. तीन महिन्यांची सात वर्षं झाली होती. ही गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच, पण आमच्या घरात बोलणंच कमी. कोणाला काही सांगायचं असलं की मी आधी मनात वाक्य तयार करते, ते उलटसुलट तपासते, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो. टायरच्या दुकानात हे चालून जातं, कारण टायरवर सगळं लिहिलेलं असतं. मला फक्त बोट ठेवावं लागतं.

काय लिहिलेलं असतं ते सांगते, कारण आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसांनाही ते माहीत नसतं. टायरच्या बाजूवर तीन आकडे असतात. पहिला रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण रुंदीच्या किती टक्के ती. तिसरा आतल्या रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत दोन देशांची मापं का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यापुढे एक इंग्रजी अक्षर असतं, ते म्हणजे टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल. जुन्या गाड्यांच्या टायरवर मधला आकडा नसतोच. त्या काळी सगळे टायर साधारण सारख्याच उंचीचे, रुंदीच्या ऐंशी टक्के असत. मग लिहायचं कशाला?

काकांच्या गाडीला एकशे पासष्ट रुंदीचा, पंधरा इंची टायर हवा होता. काकांचं आडनाव घाटे. वीज खात्यात इंजिनिअर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. त्यांनी मला विचारलं, "तीन दुकानं फिरलो. एक म्हणाला मिळत नाही, एक म्हणाला व्हॅनचा बसवतो, एक म्हणाला रुंद बसवा, शान दिसेल. तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "रुंद नको."

"का?"

मला 'का' विचारणारी गिऱ्हाईकं फार कमी भेटतात. मी कार्डाच्या मागे चित्र काढलं. आजकालच्या गाड्यांना पंधरा इंची टायर असतात, पण ते रुंद असतात आणि ही रिम अरुंद. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर त्याचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. वळणावर ते मडगार्डला घासतं. स्टिअरिंगही जड होतं, आणि ह्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही.

"आणि व्हॅनचा?"

"तो ओझ्यासाठी असतो. बाजू कडक. तुमची गाडी हलकी आहे. ती टायरवर बसणार नाही, उड्या मारेल."

"मी आत्ताच उड्या मारते," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, गाडीचा गुण आहे."

काका हसले नाहीत. ते माझ्या चित्राकडे बघत होते. मग त्यांनी ते कार्ड मागून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि मला दुसरं भरावं लागलं.

जुन्या गाड्यांचे शौकीन आमच्याकडे अधूनमधून येतात. बहुतेकांना टायर चालवायला नको असतात, दाखवायला हवे असतात. एका गृहस्थांनी लग्नातल्या मिरवणुकीसाठी टायरला बूटपॉलिश लावलं होतं, आणि वरातीतल्या लोकांचे पांढरे कपडे काळे झाले म्हणून ते आमच्याशी भांडायला आले. काका तसे नव्हते. ती गाडी त्यांनी छिंदवाड्याकडच्या एका खाणीतल्या साहेबाकडून भंगाराच्या अवस्थेत घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः दुरुस्त करत आणली होती. ह्या गाडीनं एकदा पचमढीला जायचं, हे त्यांचं मुलगी शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं होतं.

"दरवेळी वाटेत सावनेरलाच बंद पडते," काकूंनी मला सांगितलं. तोवर त्या खाली उतरून माझ्याच स्टुलावर बसल्या होत्या. "सावनेरचे हॉटेलवाले आता ओळखतात. 'काकू, आज कुठलं गेलं?' विचारतात. कधी पंप, कधी वायर. मुलीचं लग्न झालं, तिची मुलं झाली, आमची पचमढी काही आली नाही."

"या वेळी नाही पडणार," काका म्हणाले. "इंजिन उघडून केलंय. ब्रेक नवे आहेत. फक्त टायर राहिले."

मग त्यांनी घाई का आहे ते सांगितलं. त्यांचं लायसन्स डिसेंबरात संपत होतं. नूतनीकरणासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की आतला पडदा झिजत चालला आहे. आज चालवा, पण पुढच्या वेळी मी सही करणार नाही. काकांनी हे जसं हवामान सांगावं तसं सांगितलं. काकूंनी पर्स उघडली आणि काही न काढता बंद केली.

परदेशातून मागवायचे तर परवाना, कस्टम, जहाज. तीन महिने तरी. म्हणजे फेब्रुवारी.

"बघते," मी म्हटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या धंद्यातले लोक बाहेर सांगत नाहीत.

प्रत्येक टायरवर एक लांबलचक नंबर असतो आणि त्याच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ असेल तर अठरा सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तो टायर बनला. रबर न वापरताही म्हातारं होतं. त्यातलं तेल सुकतं, आतल्या थरांची पकड सुटत जाते. वरून टायर कोरा दिसतो. नव्या टायरवर जे बारीक रबरी केस असतात तेसुद्धा तसेच असतात. पाच-सहा वर्षांपर्यंत ठीक, पुढे तपासून वापरायचा, आणि दहाच्या पुढे कसाही दिसला तरी काढून टाकायचा, असं कंपन्याच सांगतात.

पण हे चार आकडे सहसा टायरच्या एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला लांब नंबर असतो, त्याचं हे शेपूट नसतं. आणि टायर कोणत्या बाजूनं बसवायचा हे फिटरच्या हातात असतं. दुकानात पडून जुना झालेला माल असला की चार आकडे गाडीच्या आतल्या बाजूला घ्यायचे. गिऱ्हाईक काही गाडीखाली झोपून बघत नाही. आमच्याकडे ह्याला 'तारीख आत' म्हणतात. जॉबकार्ड मी भरत असल्यामुळे कोपऱ्यात एक छोटा 'आ' काढायचा, म्हणजे गुलाबदादांना कळायचं. हा 'आ' काढायची पद्धत माझ्या आधीपासूनची होती. पण सात वर्षांतले सगळे 'आ' माझ्या अक्षरातले आहेत.

सुरुवातीला मी दिलीपभाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "बेटा, दोन-तीन वर्षं काही नाही होत टायरले. पण गिऱ्हाईकाले आकडा दिसला का त्याच्या डोक्यात किडा वळवळते. मंग तो चांगला टायरही घेत नाही." हे खोटं नव्हतं. बहुतेक टायर दोन-तीन वर्षांचेच असत. मी माझ्या मनात एक रेघ आखून घेतली होती, पाच वर्षांची. त्या रेघेच्या आत 'आ' काढताना मला काही वाटायचं नाही.

मग एक टायर त्या रेघेच्या पलीकडचा होता आणि मी 'आ' काढला. सहा वर्षं आणि काही महिने. उन्हाळा होता, एक गृहस्थ बायको-मुलाला घेऊन मुंबईकडच्या नव्या महामार्गानं निघाले होते, मागचा एक टायर तातडीनं हवा होता आणि त्या मापाचा तेवढाच होता. तीन आठवड्यांनी ते परत आले. टायर धावता धावता फुटला होता. गाडी फिरून दुभाजकाला लागली होती. बायकोचा उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये होता. ती गाडीतून उतरली नाही, काचेतून आमच्याकडे बघत होती. ते गृहस्थ दिलीपभाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही अलाइनमेंट नीट केलं होतं म्हणून वाचलो. मेकॅनिक म्हणाला, दुसरी गाडी असती तर उलटली असती."

फुटलेल्या टायरच्या चिंध्या त्यांनी डिकीत आणल्या होत्या. ते चहा घेत होते तेव्हा मी जाऊन बघितलं. आतली बाजू शाबूत होती. चारही आकडे स्वच्छ वाचता येत होते.

मी त्यांना काही बोलले नाही. उन्हानं फुटला असेल, हवा कमी असेल, खड्डा असेल. शंभर कारणं असू शकतात आणि मला आजही नक्की माहीत नाही. ते आमचे आभार मानून गेले. माझ्या मनात वाक्य तयार होतं. ते गाडीत बसून निघून गेल्यावरही बराच वेळ ते तयारच होतं.

घाटेकाकांच्या टायरसाठी मी चार दिवस फोन केले. इंदूर, हैदराबाद, कोलकाता. पाचव्या दिवशी लकडगंजच्या एका जुन्या व्यापाऱ्यानं सांगितलं, "तुम्ही म्हणता तसलं काहीतरी माझ्याकडं पडलं आहे. येऊन पाहून घ्या." मी स्कूटरनं गेले. गोदाम टिनाच्या पत्र्याचं होतं. मागच्या भिंतीला, जुन्या ट्यूबांच्या ढिगाऱ्यामागे, खाकी कागदात गुंडाळलेले पाच टायर होते. कोणीतरी आपल्या जुन्या गाडीसाठी मागवले, टायर यायच्या आत गाडीच विकली, आणि टायर राहून गेले.

मी कागद फाडला. एकशे पासष्ट, पंधरा. वेगाचं अक्षरही बरोबर. नक्षी जुन्या पद्धतीची, सरळ खोल रेघांची, त्या गाडीला शोभेल अशी. केस एकही तुटलेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभ्या उभ्या काकांना फोन लावला. मी कोणाला आपणहून फोन करत नाही. "काका, मिळाले," मी म्हटलं, आणि पलीकडून त्यांनी काकूंना मोठ्यानं हाक मारलेली ऐकली.

फोन ठेवल्यावर मी टायर उलटवला.

शेवटचे दोन आकडे माझ्या दहावीच्या वर्षाचे होते.

मी हात वर करून पत्र्याला लावायचा प्रयत्न केला. पोचला नाही. नोव्हेंबर होता, गोदामात गार होतं. पण मी नागपूरची आहे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली काय होत असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. असे बारा-तेरा मे.

टायरवर अंगठ्यानं दाब दिला. नक्षीच्या तळाशी, रेघ जिथे वळते तिथे, केसाहून बारीक भेगा उघडल्या आणि अंगठा काढल्यावर मिटल्या.

दुकानात आल्यावर मी दिलीपभाऊंना सगळं सांगितलं. भेगा दाखवल्या. त्यांनी स्वतः बसून पाचही टायर पाहिले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहायलाच हवं. मला कोणी गिऱ्हाईक "माणूस नाही का कोणी दुकानात?" म्हणालं की ते त्याला म्हणतात, "आहे ना, माणूस समोरच बसून आहे." मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं आहे.

मग ते म्हणाले, "रस्त्यावर तं आलेच नाही हे कधी."

"तेरा वर्षं झाली भाऊ."

"म्हाताऱ्याची गाडी ती. साठच्या वर जाणार आहे का? आणि तू त्याले फोन करून बसली." त्यांनी कागद परत टायरवर ओढला. "त्याचं लायसन्स संपून राहिलं. आता नाही म्हटलं तं तो कायमचा राहिला ना घरी. एकदा जाऊन येऊ दे. आल्यावर आपण बाहेरून नवे मागवून देऊ. कायले मन मोडतं त्याचं?"

मी कागद पुन्हा बाजूला केला.

"तारीख आत घे," ते म्हणाले.

मी टेबलाशी गेले, घाटेकाकांचं कार्ड काढलं आणि कोपऱ्यात 'आ' लिहिला. हे मी केलं. कोणी माझा हात धरला नव्हता. मला काकूंचा चेहरा दिसत होता, आणि फोनवर ऐकलेली ती हाक ऐकू येत होती.

शनिवारी सकाळी गाडी आली. पचमढीचा बेत रविवारचा होता. काकूंनी डब्यांची पिशवीही सोबत आणली होती. म्हणाल्या, वजन बघून हवा भरा.

गुलाबदादा चाक खोलायला बसले आणि थबकले. "नट कुठं गेले वं ताई याचे?"

ह्या गाडीच्या चाकाला नट नसतात. मधोमध एक मोठी पंख्यासारखी चकती असते, ती ठोकून फिरवायची. काका आपली तांब्याची हातोडी घेऊन आले होते. लोखंडाची मारली तर चकतीला खड्डे पडतात. डाव्या बाजूची एकीकडे फिरते, उजव्या बाजूची उलटी. गुलाबदादांनी पहिल्यांदा उलटी ठोकली.

"काहून घट्ट होऊन राहिलं हे?"

"तुम्ही घट्टच करताय," काका म्हणाले, आणि गुलाबदादा इतके हसले की त्यांना हातोडी खाली ठेवावी लागली. "चाळीस वर्षं झाली मले ह्या धंद्यात, आज शिकून राहिलो चाक खोलाले."

तारांच्या चाकात ट्यूब लागते, कारण तारांच्या भोकांतून हवा निघून जाते. तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून आधी रबरी पट्टी गुंडाळायची. काका प्रत्येक चाकाच्या वेळी वाकून पट्टी नीट बसली का ते बोटांनी चाचपत होते. टायर कोणत्या बाजूनं चढतो आहे ह्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. गुलाबदादांनी प्रत्येक टायर मशीनवर घेताना एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कार्डाकडे बघत होते.

मी हे लिहिताना स्वतःला चांगलं दाखवायचा प्रयत्न करत नाही ना, हे तपासते आहे. एक खरं सांगते: टायर बसल्यावर ती गाडी फार सुंदर दिसत होती. सात वर्षांत मी निवडलेला सगळ्यात योग्य टायर तो होता. माप, नक्षी, उंची, सगळं. मडगार्डच्या खाली जेवढी जागा सुटायला हवी तेवढीच सुटली होती. मला अभिमान वाटला. तो अभिमान आणि भीती एकाच वेळी होती, आणि दोन्ही खरी होती.

काकूंनी गाडीभोवती फिरून पाहिलं. "बाई गं," त्या म्हणाल्या, "आता सावनेरवाले ओळखणार नाहीत." मग माझ्या जवळ येऊन हळूच, "त्या दिवशी मी काहीतरी बोलले होते तुझ्याबद्दल. ऐकलं नसशील."

"नाही काकू," मी म्हटलं.

"ऐकलंस. मला माहीत आहे." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आम्ही दोघंच चाललोय. मुलगी नको म्हणते आहे. मी तिला सांगितलं, दुकानातली पोरगी फार बारकाईची आहे, तिनं पाहून दिलंय."

तेवढ्यात काकांनी हाक मारली. ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. एक हात जमिनीवर टेकवलेला, दुसऱ्या हाताची बोटं टायरच्या बाजूवरून फिरत होती. दिलीपभाऊ त्यांच्या मागे उभे होते, त्यांना उठायला हात द्यायच्या तयारीत.

"काळ्यावर काळं लिहितात," काका म्हणाले. "माझ्या डोळ्यांना आता नाही जमत. तू वाचून दाखव. त्या दिवशी तू मला चित्र काढून दिलंस ना, ते सगळं यावर कुठे आहे ते मला बघायचंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं बोट धरून पहिल्या आकड्यावर ठेवलं.

"एकशे पासष्ट. रुंदी."

"मग टक्के नाहीत."

"नाहीत. जुन्या पद्धतीचा आहे. पंधरा, रिम. आणि हे H."

"H म्हणजे?"

"ताशी दोनशे दहापर्यंत."

"ऐका हो," काकू वरून म्हणाल्या. "दोनशे दहा! पचमढीला चहाला नाही, नाश्त्यालाच पोचतो आपण."

दिलीपभाऊ हसले. काकाही हसले, पण त्यांचं बोट थांबलं नाही. ते हळूहळू पुढे सरकत होतं; कंपनीचं नाव, देशाचं नाव, हवेचा दाब. प्रत्येक ठिकाणी मी वाचत होते आणि ते मान हलवत होते. मग बोट त्या लांब नंबरावर आलं. मी तो अक्षर अक्षर वाचला. जिथे चार आकड्यांचा लंबगोल असायला हवा तिथे सपाट रबर होतं. काकांचं बोट त्या सपाट जागेवर आलं, थोडं पुढे गेलं, आणि पुन्हा मागे येऊन तिथेच थांबलं.

"इथे संपलं?"

"झालं साहेब, एवढंच असते," दिलीपभाऊ म्हणाले. "उठा आता, गुडघे दुखतील."

काकांनी उठण्यासाठी त्यांच्याकडे हात पुढे केला. मी पचमढीच्या वाटेवरचा, छिंदवाड्याच्या अलीकडचा घाट पाहिलेला आहे, आणि त्यापुढची तामियाची वळणंही. दरीच्या बाजूला कठडा आहे, सगळीकडे नाही. मी हे टायर बाद ठरवले तर ह्या माणसाचं लायसन्स ह्या गाडीतून पचमढी बघायच्या आतच संपणार होतं, हेही मला माहीत होतं. माझ्याकडे वाक्य तयार नव्हतं. मी ते तपासलेलं नव्हतं.

मी काकांचं बोट सोडलं नाही.

"संपलं नाही, काका. टायर कधी बनला ते त्यापुढे असतं, आणि ते आम्ही आतल्या बाजूला घेतलंय, तुम्हाला दिसू नये म्हणून. तसं करायला कार्डावर मीच लिहिलं. हे टायर तेरा वर्षांचे आहेत. ह्यांच्यावर काकूंना घेऊन घाटात जाऊ नका."